कारणाचा रकाना

सहाशे प्रती काढायच्या होत्या. वाचायचं नाही असं सकाळपासून ठरवलेलं असूनही दोनशेचाळिसाव्या प्रतीला ऑफिसच्या बाईंनी मशीनमधून गरम कागद उचलला, आणि वाचलाच. वर ठळक अक्षरांत 'शाळा सुरक्षितपणे पुन्हा सुरू करण्याची योजना', त्याखाली समिती. अध्यक्ष मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. सदस्य खेळाचे सर. पालकांचे प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यावरचे दुकानदार. आणि शेवटी, वेगळी चौकट आखून, 'संकल्पना व मांडणी' असं लिहून संगणकाच्या बाईंचं नाव.

बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते खरंखुरं दुखणं होतं, उगीच बोलायची रीत नव्हे. सव्वीस वर्षं त्या या शाळेच्या ऑफिसात बसत होत्या. शाळा साथीमुळे दीड वर्ष बंद होती, तेव्हाही आठवड्यातून दोनदा येऊन कपाटं उघडून वाळवीवर नजर ठेवणाऱ्या त्याच. आणि आता शाळा उघडायची म्हटल्यावर समिती नेमली, तिच्या बैठका झाल्या, बैठकीत खुर्च्या कमी पडल्या तेव्हा ऑफिसातून दोन खुर्च्या नेल्या, पण त्या खुर्च्यांबरोबर बाईंना न्यावं असं काही कुणाला वाटलं नाही. त्यांच्या वाट्याला आल्या सहाशे प्रती, त्याही पाठपोट.

संगणकाच्या बाईंना त्या मनातल्या मनात 'नवी' म्हणत. नवीला येऊन दोन वर्षं झाली होती, त्यातलं दीड वर्ष शाळा बंदच, म्हणजे हिशेबाने तिची नोकरी सहा महिन्यांची. पण पोरगी चटपटीत. बंदच्या काळात तिने फोनवरून वर्ग भरवले, म्हाताऱ्या शिक्षकांना फोनचे धडे दिले, आणि बघता बघता मोठ्या बाईंच्या गळ्यातला ताईत झाली. तिचं बोलणं गोड, हसणं गोड. त्या गोडीचाच बाईंना जास्त राग येई. शाळेत सगळ्याच बाई. शिकवणाऱ्या बाई, तशा ऑफिसच्याही बाई. नवी आली आणि पहिल्याच दिवशी खिडकीत डोकावून म्हणाली, "काकू, जरा स्टेपलर देता?" तिच्या लेखी तो आदर होता. बाईंना मात्र आपण एका शब्दात खुर्चीवरून उठून चुलीपुढे बसल्यासारखं झालं.

तर अशा मनःस्थितीत त्यांनी तो कागद वाचला, आणि चुका शोधायच्या म्हणूनच वाचला. सापडेनात. हात धुवायच्या जागा, मैदानावर आखायची वर्तुळं, एका बाकावर एक मूल, येण्याचं फाटक वेगळं, जाण्याचं वेगळं. मुलांचे दोन गट: हजेरीचा क्रमांक विषम असेल ती मुलं अ गटात, सम असेल ती ब गटात. अ गट सोमवार ते बुधवार, ब गट गुरुवार ते शनिवार. एका गटात कुणी आजारी पडलं तर तेवढा गट घरी बसेल, दुसऱ्याला झळ लागणार नाही. म्हणून अ आणि ब यांची गाठ पडता कामा नये. ते वाक्य अधोरेखित केलेलं होतं.

त्या अधोरेखित वाक्यापाशी बाई थांबल्या. मशीन आपलं कागद टाकत राहिलं. भावंडं, त्यांच्या मनात आलं. मोठी बहीण सातवीत, तिचा क्रमांक अकरा. धाकटा तिसरीत, त्याचा क्रमांक चोवीस. ती अ गटात, तो ब गटात. शाळेत दोघांची गाठ पडणार नाही, आणि घरी दोघं एका ताटात जेवणार. अशी किती घरं असतील या शाळेत! नवीने शंभर गोष्टींचा विचार केला आणि घराचाच केला नाही. करणार कशी? तिच्या संगणकात मुलं वर्गवार होती. कोण कुणाचं कोण, हे त्यात कुठे होतं?

ते बाईंच्या दाखल्यांच्या रजिस्टरात होतं. धाकट्या भावंडाचं नाव घातलं जाई तेव्हा त्या समासात पेन्सिलीने मोठ्याचा आकडा लिहून ठेवत. त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्याला ताप आला, घरी फोन लागेना, तर ताईला वर्गातून बोलवायला बरं पडे, एवढंच.

बाईंनी उरलेल्या तीनशेसाठ प्रती हसत हसत काढल्या. आता पडू दे तोंडावर, त्यांनी ठरवलं. शुक्रवारी पालकांची सभा होती. तिथे एखादी आई उठेल आणि चारचौघांत विचारेल, की अहो बाई, आमच्या दोन पोरांचं काय? मग बघू या गोड हसणं कुठे जातं.

घरी संध्याकाळी नवरा मटार सोलत बसला होता. बाईंनी पिशवी ठेवली आणि विचारलं, "अहो, दुसऱ्याची चूक दिसली आणि आपण गप्प बसलो, तर ते वाईट का?"

"चूक कुणाची त्यावर आहे," तो म्हणाला. "माझी असली तर तू तीस वर्षांत एकदा तरी गप्प बसलीस का?"

बाई त्याच्यावर चिडल्या आणि मटार सोलायला बसल्या. गप्प मात्र बसल्या.

सभा मैदानावर झाली. खुर्च्या हातहातभर लांब, तोंडं झाकलेली. बाई शेवटच्या ओळीत सह्यांचा कागद घेऊन बसल्या होत्या. नवीने भिंतीवर चित्रं दाखवत अर्धा तास योजना समजावून सांगितली, आणि सांगितली छानच, हे कबूल करताना बाईंना दात आवळावे लागले. मग प्रश्न सुरू झाले. पाण्याची बाटली घरून आणायची का? मास्क ओला झाला तर? मधल्या सुट्टीत खेळायचं की नाही? बाई खुर्चीच्या कडेला सरकून ऐकत होत्या. इतक्यात एक वडील उठले आणि म्हणाले, "माझी दोन आहेत." बाईंनी मान उंचावली. "दोघं वेगवेगळ्या दिवशी यायची, मला कळलं. पण दोघांचं यायचं फाटक एकच ना?"

"हो, एकच," नवी म्हणाली. ते "बरं" म्हणून खाली बसले.

टाळ्या झाल्या. दुकानदारांनी आभार मानले. बाई सह्यांचा कागद मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. एवढी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. म्हणजे नवी तोंडावर पडणार नव्हती. योजना आहे तशी सोमवारी सुरू होणार होती, आणि तिच्यातलं भोक या सगळ्या मैदानात एकट्या बाईंना दिसत होतं.

सह्या करायला शेवटी एक बाई आली. लॉण्ड्रीत इस्त्री करणारी, पाचवीतल्या एका मुलाची आई. बहिणीच्या घरी राहत होती. बहिणीची मुलगी तिसरीत याच शाळेत, आणि त्याच घरात बहिणीचे सासरे, ज्यांना दारापासून खाटेपर्यंत येताना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागे. मुलगा विषम, मुलगी सम. आईने सही केली, हळूच म्हणाली, "बरं झालं बाई, शाळा सुरू होतेय. पोरगं घरात कोमेजून गेलं," आणि निघून गेली.

बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी त्या स्वतः उठून संगणकाच्या खोलीत गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "तुझ्या योजनेत भावंडं राहिली." आणि मग एका दमात सगळं सांगितलं. नवीचा चेहरा उतरला. वाद नाही, सारवासारव नाही. ती खुर्चीत बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू, मी दोन महिने यावर बसलेय. मला दिसलं कसं नाही?" मग तिने विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"आत्ताच," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान तापले.

दिवसभर दोघी ऑफिसात बसल्या. बाईंनी नऊ वर्षांची रजिस्टरं टेबलावर उतरवली. त्या समासातला पेन्सिलीचा आकडा वाचत, जोडी जुळवत, नवी संगणकावर टिपत जाई. काही काही ठिकाणी आकडाही नव्हता, बाईंच्या डोक्यातच होतं. ही दोघं चुलत, पण स्वयंपाक एक. ही सख्खी, पण धाकटा मामाकडे राहतो, त्याला मामाच्या मुलांबरोबर घाल. ही जुळी, क्रमांक लागोपाठचे, म्हणजे तुझ्या सम-विषमने नेमकी तुटली असती. नवी ऐकत होती, हसत होती, मध्येच "थांबा थांबा" म्हणत होती. कुठल्या बहिणीने भावाच्या पहिल्या दिवशी वर्ग सोडून त्याच्या बाकावर ठाण मांडलं होतं, कुठले तीन भाऊ एकाच बुटाच्या जोडावरून रोज उशिरा येत, हेही बाईंनी सांगितलं. दुपारी नवीने डब्यातला अर्धा भाग बाईंसाठी दुसऱ्या खिडकीपाशी लांब ठेवून दिला. कितीतरी वर्षांत बाईंना इतकं बरं वाटलं नव्हतं. पोरगी वाईट नाही, त्यांच्या मनात येऊन गेलं.

चारच्या सुमारास चौऱ्याण्णव घरं झाली. नवीने शेवटची कळ दाबली, आळोखेपिळोखे दिले आणि मनापासून म्हणाली, "झालं, काकू. आता सगळं यात आलं. आता कुणाला काही लागलं तर तुम्हाला उठवायला नको."

बाई रजिस्टर मिटत होत्या, त्या तशाच थांबल्या. तिने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. पण सव्वीस वर्षं जी एक गोष्ट फक्त त्यांच्यापाशी होती, ती त्यांनी आज दिवसभर बसून, हौसेने, स्वतःच्या तोंडाने त्या पेटीत भरून दिली होती. जळजळ परत आली, आणि आता नवीला नावं ठेवायलाही जागा नव्हती, कारण दिलं होतं त्यांनीच.

"अजून एक जोडी आहे," बाई म्हणाल्या. पाचवीतल्या त्या मुलाचं नाव त्यांनी सांगितलं, तिसरीतल्या मुलीचं सांगितलं. "दोघांना एका गटात घाल."

नवीने पाहिलं. आडनावं वेगळी, पत्ते शहराच्या दोन टोकांचे. "यांचं नातं काय? कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"काही लिहू नकोस. रिकामा ठेव."

"पण काकू, याद्या फाटकावर लागणार, सगळ्या पालकांच्या फोनवर जाणार. कुणी विचारलं तर?"

नेमकं तेच होतं. चार वर्षांपूर्वी ती आई मुलाला घेऊन ऑफिसच्या खिडकीशी आली होती. ओठाला दोन टाके होते. म्हणाली, खरा पत्ता लिहू नका बाई, त्याला कळता कामा नये. 'तो' म्हणजे मुलाचा बाप. मधे काही दिवस ती राहिली होती त्या भाड्याच्या खोलीचा जुना पत्ता बाईंनी लिहिला, समासात पेन्सिलही टेकवली नाही, आणि कुणाला बोलणार नाही असा शब्द दिला. बाप त्यानंतर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा बाईंनी रजिस्टर उघडून, चष्मा लावून, त्याला तो खोटा पत्ता सावकाश वाचून दाखवला होता. फाटकावरचा फलक वाचायला तो अजूनही अधूनमधून येई. दोघं एका गटात, एवढ्यावरून त्याला काही कळलं नसतं, पण मुलाच्या नावापुढे 'मावसबहीण, एकच घर' एवढं वाचलं की त्याला पुरणार होतं. मेव्हणीचं घर त्याला पाठ होतं. बायको तिथे परत येऊन राहिलीय, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

"घाल म्हणते ना," बाई म्हणाल्या. नवीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि घातलं.

सोमवारी शाळा भरली. मैदानावरच्या वर्तुळांत मुलं उभी होती, आणि फाटकाशी ताप मोजायला उभ्या असलेल्या नवीला प्रत्येक जण हात हलवत होता. बाई खिडकीतून बघत होत्या. खिडकीकडे बघून कुणी हात हलवत नव्हतं, तसा तो कधीच कुणी हलवला नव्हता, पण आज ते लागलं. पाचवीतला मुलगा आला. त्याच्या मागून दहा पावलांवर तिसरीतली मुलगी आली. घरून शिकवल्यासारखी दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

दहा वाजता पाहणीला वरच्या कचेरीतले साहेब आले. मोठ्या बाईंच्या खोलीत समिती जमली, आणि बाईंना फायली घेऊन बोलावलं. साहेब याद्या चाळून खूश झाले होते. घरवार गट पाडलेली ही पहिलीच शाळा पाहतोय, असं ते म्हणाले, कल्पना कुणाची असं त्यांनी विचारलं. मोठ्या बाईंनी नवीकडे हात केला. नवी उठून उभी राहिली. "सर, खरं म्हणजे ही यादी माझी नाही," असं ती म्हणू लागली. पोरगी सांगणार होती. या सगळ्यांसमोर सांगणार होती.

तेवढ्यात दुकानदारांचं बोट यादीवर थांबलं. "ही एकच जोडी बघा," ते म्हणाले. "ना आडनाव एक, ना पत्ता. कारणाचा रकाना कोरा. हे कसं?" त्यांच्या स्वतःच्या मुलीला मैत्रिणीच्या गटात घाला म्हणून त्यांनी गळ घातली होती, आणि नियम म्हणजे नियम सांगून मोठ्या बाईंनी ती मोडून काढली होती. ते दुखणं ताजं होतं. शिवाय त्यांच्या दुकानात गेलेली गोष्ट सामानाच्या पुड्यांबरोबर घरोघर पोचत असे.

नवी बाईंकडे बघू लागली. मोठ्या बाईही बघू लागल्या. खोलीत त्यांच्याशिवाय पाच माणसं. बाईंनी शब्द एकीला दिला होता, आणि त्या शब्दात 'मोठ्या बाई सोडून' किंवा 'साहेब सोडून' असं काही नव्हतं.

"ते माझं काम," बाई म्हणाल्या. "तो मुलगा माझ्या नात्यातला आहे. मावसबहिणीचा नातू. घाबरट आहे. ती मुलगी त्याच्या ओळखीची, म्हणून मी दोघांना एकत्र घातलं."

"म्हणजे वशिला," दुकानदार म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंना साहेबांसमोर कुठे बघावं कळेना. "बाई, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्या साहेबांकडे वळल्या. याद्या घरोघर गेल्या आहेत, मुलं वर्गात बसली आहेत, आता एका जोडीसाठी गट हलवणं बरं नाही, असं म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली. राहू द्या, पण नोंद ठेवा. तेव्हा मोठ्या बाईंनी सांगितलं, की आज शाळा सुटायच्या आत लेखी खुलासा द्या.

गट तसाच राहिला. बाईंना हवं होतं ते झालं.

साहेबांनी मग नवीला विचारलं, "हां, तुम्ही काही सांगत होता?"

नवी अजून उभीच होती. तिने बाईंकडे पाहिलं. शनिवारी दिवसभर ज्या नजरेने पाहत होती, ती नजर नव्हती. ज्या यादीत वशिला निघाला, ती यादी कुणाची हे सांगून आता काय शोभा होणार? "नाही सर," ती म्हणाली, आणि खाली बसली. साहेबांनी तिचं अभिनंदन केलं. बाईंना ते अभिनंदन नकोनकोसं झालं तरी ऐकावं लागलं, आणि हेवा असा काही उसळला की हातातल्या फायली त्यांनी छातीशी धरल्या. माझं होतं ते, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. त्या फायली घेऊन ऑफिसात परत आल्या.

खुलासा त्यांनी हाताने लिहिला. सव्वीस वर्षांत शाळेतल्या किती जणांचे खुलासे त्यांच्या टेबलावरून गेले होते, उशिरा आल्याचे, रजेचा अर्ज न दिल्याचे, एकदा तर खिडकीची काच फोडल्याचा खेळाच्या सरांचा. कसा लिहायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चार ओळी झाल्या. 'नातेसंबंधामुळे माझ्याकडून नियमबाह्य बदल झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.' त्यांनी तो एकदा वाचून काढला. 'नियमबाह्य' बरोबर होतं. खाली सही केली.

आलेला प्रत्येक कागद नोंदवल्याशिवाय मोठ्या बाईंपुढे जात नसे. बाईंनी आवक रजिस्टर ओढलं, पुढचा क्रमांक घातला, तारीख लिहिली. 'कुणाकडून' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पुरं, आडनावासकट. 'विषय' मध्ये 'खुलासा'. शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

मग पद्धतीप्रमाणे दुसऱ्या प्रतीवर 'पोचला' असं लिहून त्यांनी सही केली, आणि ती प्रत देणाऱ्याला परत द्यायची म्हणून घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.